सभागृहाची किल्ली कोणाकडे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जाहीर सभा घेणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला एक अनुभव ठाऊक असतो. वक्ता ठरलेला असतो, हस्तपत्रके वाटून झालेली असतात, आणि आदल्या दिवशी सभागृहाच्या व्यवस्थापकाचा निरोप येतो की, काही अपरिहार्य कारणामुळे सभागृह मिळू शकत नाही. ते कारण कोणते, हे कोणी सांगत नाही आणि कोणाला विचारावेही लागत नाही. भाषणस्वातंत्र्य राज्यघटनेत लिहिलेले असते. परंतु ते उपभोगण्यासाठी चार भिंती, एक छप्पर, दिवाबत्ती आणि दाराची किल्ली लागते. किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीवर घटनेतले कलम पुष्कळदा अवलंबून राहते. वरवर पाहता हा प्रश्न व्यवस्थेचा वाटतो. वस्तुतः तो मालकीचा, म्हणजेच अर्थकारणाचा आणि सत्तेचा प्रश्न आहे.

आजच्या व्याख्यानासाठी या प्रश्नाचे एक दूरदेशीचे उदाहरण निवडले आहे. ते ब्राझीलमधील साओ पावलो शहराच्या पोपमान्य कॅथॉलिक विद्यापीठाचे आणि त्या विद्यापीठाच्या नाट्यगृहाचे आहे. समाजवादी कार्यकर्त्यांनी एका चर्चच्या विद्यापीठातील व्याख्यानांची आणि नाटकांची कहाणी का ऐकावी, अशी शंका कोणाच्या मनात येईल. तिचे उत्तर त्या कहाणीतच आहे. लष्करी हुकूमशाहीच्या एकवीस वर्षांत, सरकारी विद्यापीठांची दारे एकामागून एक बंद होत असताना, हे एक दार उघडे राहिले. ते का उघडे राहिले, त्यातून कोण आत आले, आणि पुढे लोकशाही परतल्यावर तेच दार कोणत्या प्रसंगी अर्धवट मिटले, या तिन्ही गोष्टींत राजकीय कार्यकर्त्यासाठी बोध आहे.

प्रथम स्थळकाळ पाहू. साओ पावलो हे दक्षिण गोलार्धातील एक महाप्रचंड औद्योगिक शहर. तेथील भाषा पोर्तुगीज. म्हणजे गोव्यावर साडेचारशे वर्षे जिची राजसत्ता होती तीच. हे विद्यापीठ १९४६ साली स्थापन झाले. शहराचा आर्चबिशप हा त्याचा पदसिद्ध कुलपती, आणि आर्थिक कारभार चर्चच्या अधीन असलेल्या एका प्रतिष्ठानाकडे. विद्यार्थी फी भरून शिकणारे, बहुतांशी मध्यमवर्गातले. विद्यापीठाच्या नाट्यगृहाचे नाव, ‘कॅथॉलिक विद्यापीठाचे नाट्यगृह’ या पोर्तुगीज शब्दांच्या आद्याक्षरांवरून, ‘तुका’ असे पडले. मराठी कानाला हे नाव फार जवळचे वाटते. हा निव्वळ योगायोग आहे. पण पुढचा इतिहास ऐकल्यावर तो योगायोग सुखद वाटल्यावाचून राहत नाही.

एक गैरसमज आरंभीच दूर केला पाहिजे. ब्राझीलचे चर्च मुळापासून पुरोगामी होते, असे कोणी समजू नये. १९ मार्च १९६४ रोजी साओ पावलोच्या रस्त्यांवर देव, कुटुंब आणि स्वातंत्र्य यांच्या नावाने जो विराट मोर्चा निघाला, त्यात कॅथॉलिक मध्यमवर्ग आघाडीवर होता. जमीनसुधारणांची भाषा बोलणारे गुलार्त यांचे सरकार घालवावे, हा त्या मोर्चाचा रोख होता. दोन आठवड्यांच्या आत लष्कराने सत्ता बळकावली. त्याच जून महिन्यात बिशपांच्या परिषदेने देशाला साम्यवादापासून वाचवल्याबद्दल लष्कराचे आभार मानले. मात्र त्याच चर्चच्या पोटात दुसराही एक प्रवाह होता. कॅथॉलिक विद्यार्थी-युवकांच्या चळवळीतून १९६२ साली ‘लोककृती’ नावाची समाजवादी वळणाची संघटना निघाली होती, आणि व्हॅटिकन परिषदेच्या (१९६२–६५) चर्चांनी गरिबांचा प्रश्न धर्मशास्त्राच्या पटलावर आणला होता. एकाच संस्थेत दोन वर्गदृष्टी नांदत होत्या. त्यांतील कोणती वर चढेल हे कोणत्याही धर्मग्रंथाने ठरवले नाही. ते माणसांच्या झगड्याने ठरले.

सत्तापालटाच्या पहिल्याच दिवशी रिओ दि जानेरो येथील राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेची इमारत जाळण्यात आली. या संघटनेचे लोकसंस्कृती केंद्र गावोगावी नाटके आणि गाणी घेऊन जात असे. तेही संपले. अशा वेळी १९६५ साली ‘तुका’चे दार उघडले, आणि विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या पहिल्या नाटकासाठी जुआंव काब्राल दे मेलो नेतो या कवीचे ‘मोर्ते ए विदा सेव्हेरिना’ हे नाट्यकाव्य निवडले. रोबेर्तो फ्रेअरे या मनोवैद्य-लेखकाच्या देखरेखीखाली सिल्नेई सिकेइरा यांनी ते बसवले. संगीत दिले शिको बुआर्की या एकवीस वर्षांच्या, वास्तुशास्त्र शिकणाऱ्या तरुणाने. पुढे तो ब्राझीलचा सर्वांत लाडका गीतकार झाला.

या नाटकाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. ईशान्य ब्राझीलचा अंतर्भाग हा कायम दुष्काळी मुलूख आहे. तेथला सेव्हेरिनो नावाचा एक गरीब माणूस, त्याच्यासारखेच नाव असलेल्या असंख्य माणसांपैकी एक, पोट भरण्यासाठी गाव सोडतो आणि कापिबारिबे नदीच्या काठाने समुद्राकडे, रेसिफे शहराकडे चालू लागतो. वाटेत त्याला मरणच भेटत जाते. जमिनीच्या वादात मारल्या गेलेल्या माणसाचे प्रेत वाहून नेणारे भेटतात. मृतांसाठी प्रार्थना म्हणणे हाच जिचा धंदा झाला आहे अशी बाई भेटते. पुढे सुपीक उसाचा पट्टा लागतो. हिरवळ दिसली म्हणून सेव्हेरिनो हरखतो, तर तेथे एका शेतमजुराची अंत्ययात्रा चाललेली असते. दुष्काळी मुलखात जमीन कोरडी म्हणून माणूस मरतो आणि पाणथळ मुलखात जमीन दुसऱ्याची म्हणून मरतो, एवढे अर्थशास्त्र त्या एका प्रवेशात आहे. शेवटी रेसिफेच्या दलदलीतल्या झोपडवस्तीत, सेव्हेरिनो जीव देण्याचा विचार करीत असताना, शेजारच्या झोपडीत एक मूल जन्मते. कवीने या रचनेला नाताळच्या पारंपरिक लोकनाट्याचा घाट दिला आहे. म्हणजे येशूजन्माची कथा सांगण्याची गावाकडची रीत घेऊन त्याने भूमिहीनाची कथा सांगितली.

हे नाट्यगृह आणि हे नाटक यांचा मेळ किती नेमका होता, ते येथे ध्यानात येते. कॅथॉलिक प्रेक्षकाला नाताळचे नाट्य परके नव्हते. परका होता तो सेव्हेरिनो. ओळखीच्या वाटेने अनोळखी माणसाला घरात आणण्याचे काम त्या प्रयोगाने केले. ज्या मध्यमवर्गाने दीड वर्षापूर्वी जमीनसुधारणांच्या विरोधात मोर्चा काढला होता, त्याचीच मुले आता रंगमंचावर शेतमजुराची तिरडी उचलून गात होती. प्रचारपत्रकाला हे काम साधले नसते. १९६६ साली या प्रयोगाला फ्रान्समधील नान्सी येथील जागतिक विद्यापीठ नाट्यमहोत्सवात पहिले पारितोषिक मिळाले. पुढे ही मंडळी पोर्तुगालमध्येही खेळ करून आली. ज्या सालाझारशाहीविरुद्ध डॉ. लोहियांनी १९४६ साली मडगावात आवाज उठवला आणि १९५५ साली गोव्याच्या सीमेवर सत्याग्रहींनी गोळ्या झेलल्या, त्याच सालाझारच्या राज्यात, त्याच्याच भाषेत, भूमिहीनाचे हे गाणे वाजले.

त्यानंतरचे नाटक १९६७ सालचे. ते संवादांऐवजी ‘ओ’ आणि ‘आ’ या दोन स्वरांवरच उभे केले होते. शब्दच नाहीत, तर सेन्सॉरने कात्री चालवावी कशावर? दडपशाहीच्या काळात कला किती कल्पक होते, याचे हे उदाहरण आहे.

परंतु ‘तुका’च्या इतिहासातील पुढचा प्रसंग डाव्या कार्यकर्त्यांना सुखावणारा नाही, आणि म्हणूनच तो टाळता येत नाही. सप्टेंबर १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय गीतमहोत्सवाची साओ पावलोची फेरी याच सभागृहात झाली. काएतानो व्हेलोसो हा तरुण गायक विजेच्या गिटारी घेऊन, चमकदार कपडे घालून रंगमंचावर आला आणि मनाई करण्यालाच मनाई करणारे एक गाणे म्हणू लागला. समोर बसलेल्या डाव्या विद्यार्थ्यांना ते परदेशी, उथळ आणि क्रांतीला मारक वाटले. त्यांनी हुर्यो उडवली, पाठ फिरवली, टमाटे आणि अंडी फेकली. गायकाने गाणे थांबवून तेथेच त्यांना फटकारले: राजकारणातही तुमची वृत्ती अशीच असेल, तर देशाचे काही खरे नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. पुढे काय झाले? १३ डिसेंबर १९६८ रोजी लष्कराने ‘संस्थात्मक अधिनियम क्रमांक ५’ काढून उरलीसुरली घटनात्मक संरक्षणे गुंडाळली. त्याच महिन्याच्या २७ तारखेस काएतानो आणि त्याचा सहकारी जिल्बेर्तो जिल यांना अटक झाली. नंतर दोघांना देश सोडावा लागला. विद्यार्थ्यांना जो गायक क्रांतीचा शत्रू वाटला, त्याचा धोका लष्कराने मात्र अचूक ओळखला होता. सभागृह मोकळे असणे पुरेसे नाही. त्यात बसणाराही मोकळा असावा लागतो. आपल्याला न पटणारे ऐकून घेण्याची शिस्त ज्या चळवळीत नाही, तिला सरकारी सेन्सॉरविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार अर्धाच उरतो.

आता व्याख्यानपीठाकडे वळू. एप्रिल १९६९ मध्ये साओ पावलोच्या सरकारी विद्यापीठातील अनेक नामवंत प्राध्यापकांना सक्तीने निवृत्त करण्यात आले. त्यांत समाजशास्त्रज्ञ फ्लोरेस्तान फर्नांडिस होते, ऑक्ताव्हियो इयानी होते, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले फर्नांडो एन्रिके कार्दोझोही होते. फर्नांडिस हे घरकाम करणाऱ्या एका स्थलांतरित बाईचे चिरंजीव. लहानपणी बूटपॉलिश करून पोट भरणारा हा मुलगा देशाच्या समाजशास्त्राचा एक आधारस्तंभ झाला होता. त्याच वर्षी आलेल्या आणखी एका हुकुमाने राजकीय हालचालींबद्दल विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना विद्यापीठातून काढून टाकण्याची सोय करून ठेवली. सरकारी विद्यापीठात फी नव्हती, इमारती जनतेच्या पैशाच्या होत्या. पण बोलण्याची मुभा उरली नव्हती.

सत्तरच्या दशकात कॅथॉलिक विद्यापीठाने या बहिष्कृतांपैकी अनेकांना अध्यापनासाठी बोलावले. फर्नांडिस आणि इयानी तेथे शिकवू लागले. या धोरणामागे उभे होते ते कार्डिनल पावलो एव्हारिस्तो आर्न्स. १९७० साली ते साओ पावलोचे आर्चबिशप झाले आणि त्यामुळे विद्यापीठाचे कुलपतीही झाले. १९७३ साली त्यांनी आर्चबिशपांचा राजवाडा विकला आणि तो पैसा शहराच्या कडेच्या कामगारवस्त्यांत केंद्रे उभारण्यासाठी वापरला. त्यांच्या न्याय व शांती आयोगाने, विद्यापीठातून हाकललेल्या संशोधकांनी चालवलेल्या संस्थेकडून शहराच्या आर्थिक स्थितीचा अभ्यास करून घेतला. तो १९७६ साली प्रसिद्ध झाला. १९६८ ते १९७३ या ‘आर्थिक चमत्कारा’च्या वर्षांत उत्पन्न दरसाल सुमारे दहा टक्क्यांनी वाढत असताना त्याच शहरात कामगारांचे राहणीमान, प्रवासाचे तास, पाणीपुरवठा आणि बालमृत्यू यांची काय दशा होती, ते त्या अभ्यासाने मांडले. वाढ आणि दारिद्र्य या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे त्याचे सार होते. त्याच वर्षी त्या संशोधनसंस्थेच्या कचेरीत बॉम्ब फुटला. आकडेवारीला बॉम्बने उत्तर दिले जाते, तेव्हा ती आकडेवारी योग्य ठिकाणी लागलेली असते.

ऑक्टोबर १९७५ मध्ये व्लादिमिर हेर्झोग हा पत्रकार लष्करी कोठडीत मारला गेला. सरकारने आत्महत्येची कथा रचली. कार्डिनल आर्न्स यांनी ज्यू धर्मगुरू हेन्री सोबेल आणि प्रेस्बिटेरियन पाद्री जेम्स राइट यांच्यासह ३१ ऑक्टोबर रोजी मुख्य कॅथीड्रलमध्ये त्याच्यासाठी सर्वधर्मीय प्रार्थना घेतली. पोलिसांनी रस्ते अडवले असतानाही हजारो लोक जमले. त्या गर्दीत एक पाहुणाही होता. फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फुको तेव्हा साओ पावलोच्या सरकारी विद्यापीठात व्याख्याने देण्यासाठी आला होता. हेर्झोगच्या मृत्यूच्या निषेधार्थ त्याने व्याख्याने थांबवली आणि तो या प्रार्थनेस हजर राहिला. हे नाव ध्यानात ठेवावे. त्याच्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

१९७७ हे वर्ष कसोटीचे ठरले. भारतात त्या वर्षीच्या मार्चमध्ये आणीबाणी मतपेटीतून संपली. ब्राझीलमध्ये एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष गायझेल यांनी संसदच काही दिवस बंद ठेवून आपल्या सोयीचे नियम लादले. जुलै महिन्यात देशातील शास्त्रज्ञांच्या सर्वांत मोठ्या संस्थेचे वार्षिक अधिवेशन व्हायचे होते. सरकारने पैसा रोखला आणि सरकारी विद्यापीठांनी जागा नाकारली. रसायन आणि जीवशास्त्राचे निबंध वाचण्यासाठी एका मोठ्या देशात सभागृह मिळू नये, कारण शास्त्रज्ञ राजबंद्यांच्या मुक्ततेविषयीही बोलतील! शेवटी कॅथॉलिक विद्यापीठाने आपले वर्ग आणि सभागृहे खुली केली, आणि अधिवेशन तेथे पार पडले.

त्याची किंमत दोन महिन्यांनी मोजावी लागली. बंदी घातलेली राष्ट्रीय विद्यार्थी संघटना पुन्हा उभी करण्यासाठी देशभरच्या प्रतिनिधींनी विद्यापीठात गुप्तपणे बैठक घेतली, आणि ती यशस्वी झाल्याचे जाहीर करण्यासाठी २२ सप्टेंबरच्या रात्री ‘तुका’समोर विद्यार्थी जमले. राज्याचे सुरक्षासचिव कर्नल एरास्मो दियास यांच्या नेतृत्वाखाली पोलीस आत घुसले. लाठीमार झाला, बॉम्ब फेकले गेले, काही विद्यार्थिनी गंभीर भाजल्या. वर्गांची आणि कचेऱ्यांची नासधूस झाली. शेकडो विद्यार्थ्यांना बसगाड्यांतून पोलिसांच्या तळावर नेण्यात आले, आणि त्यांपैकी काहींवर राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली खटले भरले गेले.

विद्यापीठाच्या कुलगुरू तेव्हा नादिर गोव्हेआ कफूरी या होत्या. त्या समाजकार्य विषयाच्या प्राध्यापिका. १९७६ साली आर्न्स यांनी त्यांना नेमले होते. कर्नलने पुढे केलेला हात त्यांनी हातात घेतला नाही. ही गोष्ट साओ पावलोत आजही सांगितली जाते. कार्डिनल त्या वेळी परदेशी होते. या विद्यापीठात प्रवेशपरीक्षा देऊनच शिरायचे असते, असे त्यांनी पोलिसांना उद्देशून नंतर म्हटले. विनोदातला हा कडवटपणा हुकूमशाहीला झोंबणारा होता.

कफूरीबाईंचे खरे कार्य मात्र पुढचे आहे. १९८० साली या विद्यापीठात प्राध्यापक, विद्यार्थी आणि कर्मचारी या तिन्ही घटकांच्या थेट मतदानाने कुलगुरू निवडण्यात आला. देशाला राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा अधिकार नव्हता, तेव्हा एका विद्यापीठातील शिपाई आणि सफाई कामगार आपल्या कुलगुरूसाठी मत देत होते. निवडून आल्या त्या कफूरीबाईच. त्याच वर्षी दीड दशकाच्या परागंदा जीवनानंतर पावलो फ्रेअरे मायदेशी परतले आणि या विद्यापीठात शिकवू लागले. १९९७ साली मृत्यू येईपर्यंत ते तेथे होते. निरक्षर शेतमजुराला अक्षराबरोबर स्वतःच्या परिस्थितीचे वाचन शिकवणारा हा शिक्षक. सेव्हेरिनोच्याच मुलखातला, रेसिफेचा. त्याचे पुस्तक जगभर गेले, पण त्याला मायदेशात वर्ग मिळाला तो येथे.

छपराचा प्रश्न कामगार चळवळीलाही पडला होता. १९८० साली साओ पावलोच्या सीमेवरील साओ बेर्नार्दो येथे धातुकामगारांचा संप झाला. त्यांच्या युनियनवर सरकारने कब्जा केला आणि मैदाने बंद केली, तेव्हा कामगारांच्या सभा गावच्या मुख्य चर्चमध्ये भरल्या. त्याआधी १० फेब्रुवारी १९८० रोजी ‘कामगार पक्षा’ची स्थापना झाली ती साओ पावलोतील एका कॅथॉलिक शाळेच्या सभागृहात. फ्लोरेस्तान फर्नांडिस १९८६ साली याच पक्षातर्फे घटनासभेवर निवडून गेले. फ्रेअरे १९८९ साली याच पक्षाच्या महापौरांच्या कारकिर्दीत शहराचे शिक्षणप्रमुख झाले.

२२ सप्टेंबर १९८४ रोजी, पोलिसी हल्ल्याला बरोबर सात वर्षे होत असताना, ‘तुका’ला आग लागली. त्याच डिसेंबरमध्ये पुन्हा लागली. घातपाताचा संशय अनेकांनी व्यक्त केला. शिक्षा कोणालाच झाली नाही. देहूच्या तुक्याच्या वह्या पाण्यात बुडवल्या गेल्या, साओ पावलोचा तुका आगीत जळाला. दोघेही तरले, असे मराठी माणसाने म्हणावे. नाट्यगृह पुन्हा बांधताना आगीच्या खुणा वागवणाऱ्या भिंती तशाच राखल्या गेल्या. प्रेक्षक आजही त्या भिंतींच्या आत बसून नाटक पाहतो. २०२२ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीआधी लोकशाहीच्या रक्षणासाठीची लुला यांची सभा ऑक्टोबर महिन्यात याच सभागृहात झाली.

येथवर ही कहाणी गौरवाची झाली. येथेच ती थांबवली, तर व्याख्यान गोड होईल आणि खोटे होईल. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने जमाखर्चाचे पान उलटल्याशिवाय उठू नये.

हे विद्यापीठ सरकारी अनुदानावर नव्हे, तर मुख्यतः विद्यार्थ्यांच्या फीवर चालत आले. सरकारी पैसा नसल्यामुळे सरकारचा हात त्याच्या मानेपर्यंत सहज पोहोचला नाही, हे त्याच्या स्वातंत्र्याचे एक कारण होते. पण त्याच कारणामुळे सेव्हेरिनोचा मुलगा त्या वर्गात बसू शकत नव्हता; बसला तर शिष्यवृत्तीच्या मेहेरबानीने. रंगमंचावर भूमिहीन आणि प्रेक्षागारात फी भरू शकणारे, ही विसंगती कधीच पूर्ण मिटली नाही. शिवाय फी पुरेना, तेव्हा कर्ज काढावे लागले. कर्ज वाढले, तेव्हा बँकांचा शब्द चालू लागला. २००६ च्या आरंभी बँकांच्या दडपणाखाली शेकडो प्राध्यापकांना आणि कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्यात आले. कर्नलच्या लाठीला जे जमले नव्हते, ते हिशेबाच्या वहीने शांतपणे केले. त्या वेळी ना बॉम्ब फुटले, ना कोणी भाजले. म्हणून जगाने फारशी दखलही घेतली नाही.

दुसरी गोष्ट २०१२ सालची. कुलगुरुपदासाठी विद्यापीठाच्या मतदानातून तीन नावांची यादी आर्चबिशपांकडे जाते आणि पहिल्या नावाची नेमणूक होते, असा परिपाठ पडला होता. त्या वर्षी कार्डिनल ओदिलो शेरेर यांनी तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराची नेमणूक केली. नियमाने त्यांना तो अधिकार होता. विद्यार्थी आणि प्राध्यापक यांनी संप केला, पण नेमणूक टिकली. बत्तीस वर्षे लोकांना जो आपला हक्क वाटत होता, ती नियमावलीच्या लेखी केवळ कुलपतीची सौजन्यपूर्ण सवय होती.

तिसरी गोष्ट त्या फ्रेंच पाहुण्याची. फुकोच्या व्याख्यानांच्या ध्वनिमुद्रणांभोवती त्याच्या नावाचे अध्यासन विद्यापीठात उभारावे, असा प्राध्यापकांचा प्रस्ताव होता. चर्चच्या प्रतिष्ठानाने तो फेटाळला, आणि २०१५ साली हे प्रकरण गाजले. फुकोचा विचार कॅथॉलिक तत्त्वांशी जुळत नाही, असे कारण पुढे आले. चाळीस वर्षांपूर्वी हुकूमशाहीच्या बंदुका रोखलेल्या असताना जो माणूस या शहराच्या कॅथीड्रलमध्ये येऊन उभा राहिला, त्याच्या व्याख्यानांना लोकशाहीच्या काळात त्याच चर्चच्या विद्यापीठात जागा नाकारली गेली. फुकोचे विचार कोणाला पटोत वा न पटोत. प्रश्न तो नाही. प्रश्न किल्लीचा आहे. आर्न्स यांच्या हातात ती होती तेव्हा दार उघडे राहिले. किल्ली दुसऱ्या हातात गेली. कुलूप मात्र सर्वकाळ तेच होते.

या सगळ्यातून काय घ्यावे? समाजवाद्यांमध्ये एक समजूत फार रूढ आहे की, सरकारी मालकी म्हणजे लोकांची मालकी. साओ पावलोचा इतिहास तसे सांगत नाही. तेथे जनतेच्या पैशाचे विद्यापीठ हुकूमशहाच्या स्वाधीन झाले आणि खाजगी, धार्मिक विद्यापीठ लोकांच्या उपयोगी पडले. याचा अर्थ खाजगी मालकी श्रेष्ठ, असा कोणी काढील तर २००६ आणि २०१५ साल त्याला उत्तर देईल. मालक सरकार असो, धर्मसंस्था असो की बँक असो. जेथे काम करणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना कारभारात हक्काचे मत नाही, तेथे स्वातंत्र्य हे उसने असते. उसने मिळालेले स्वातंत्र्य नाकारू नये; हुकूमशाहीत त्यानेच जीव वाचतात. पण उसने ते उसनेच, हे विसरून त्यावर घर बांधू नये.

साओ पावलोच्या मंडळींनी चांगल्या दिवसांत कुलगुरूसाठी मतदान मिळवले, पण ते नियमावलीत पक्के करून घेतले नाही. कारण कार्डिनल आपला होता. चळवळींच्या हातून हे सर्वत्र घडते. आपला माणूस खुर्चीवर असतो तोवर खुर्चीचे अधिकार मर्यादित करण्याची निकड कोणाला वाटत नाही. वस्तुतः तीच वेळ योग्य असते. सद्गृहस्थाच्या कारकिर्दीतच त्याच्या वारसाचे हात बांधून घ्यावे लागतात.

आणि शेवटी पैशाचा विचार. व्याख्यानमाला, नाटक, गाण्याचा कार्यक्रम यांना कार्यकर्ते बहुधा चळवळीचा अलंकार मानतात. वेळ आणि पैसा उरला तर करायची गोष्ट. ‘तुका’ने दाखवले की, पक्ष, युनियन आणि वृत्तपत्र या तिन्ही वाटा बंद झाल्या, तेव्हा समाजाचा श्वास एका नाट्यगृहातून आणि काही व्याख्यानपीठांतून चालू राहिला. जी गोष्ट संकटात श्वास पुरवते, तिची तरतूद संकटाआधी करावी लागते. लहान का होईना, सभासदांच्या वर्गणीतून उभे राहिलेले, कर्जमुक्त, निवडलेल्या समितीने चालवलेले आणि विरोधकालाही भाड्याने मिळणारे सभागृह हे कोणत्याही तालुक्याच्या गावी अशक्य नाही. विरोधकाला मिळणारे, हे मुद्दाम सांगितले; कारण १९६८ च्या सप्टेंबरमध्ये त्या विद्यार्थ्यांना जे उमगले नाही ते हेच होते.

घटनेने दिलेला अधिकार घटनेच्या पुस्तकात सुरक्षित राहतो. तो वापरायचा तर दार उघडावे लागते, आणि त्या दाराची किल्ली पुष्कळांच्या हाती असावी लागते.